भाडेकरूचे नाव आणि मालकाची वही

मराठी लेखकाला भाडेकरू नवा नाही. नळावरची भांडणे, जिन्याखालची खोली, पागडी, गॅलरीत वाळत घातलेली धुणी आणि महिन्याच्या आरंभी वसुलीला येणारा मालकाचा मेहता, एवढ्या भांडवलावर आमचे विनोदी वाङ्मय कित्येक वर्षे सुखाने चालले. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ ही या घराण्यातील सर्वांत लाडकी कृती. तिच्या गोडीविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि ती पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळच्या चाळकऱ्याच्या पाठीशी १९४७ चा मुंबईचा भाडे-नियंत्रण कायदा उभा होता. मालकाला मनास येईल तेव्हा भाडे वाढविता येत नव्हते आणि बिऱ्हाडकरूला सहजासहजी बाहेरही काढता येत नव्हते. ज्याला आपले बिऱ्हाड उद्याही येथेच आहे याची खात्री असते, त्यालाच त्या बिऱ्हाडाची मनमुराद थट्टा सुचते. चाळीच्या विनोदाखाली ही खात्री होती.

प्रस्तुत लेखात मला ज्या भाडेकरूविषयी लिहावयाचे आहे, त्याला ही खात्री कधीच लाभलेली नाही. हा भाडेकरू म्हणजे परदेशी माणूस. आमच्या सेलूत असा भाडेकरू मला तरी भेटलेला नाही. पण सेलूची मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, खोल्या घेऊन राहतात, आणि शेजारच्या खोलीत कुणी येमेनचा, कुणी इराणचा, कुणी सुदानचा विद्यार्थी राहतो असे सुटीत आल्यावर सांगतात. त्यांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. त्या विद्यार्थ्याचे आणि घरमालकाचे भांडण भाड्यावरून नसते, पाण्यावरूनही नसते. ते असते कागदावरून.

या भांडणाचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. परदेशी माणसाला घरात ठेवणाऱ्याने, मग तो हॉटेलवाला असो की एका खोलीचा मालक, तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी, असे आपल्याकडे बंधन आहे. वर्षानुवर्षे लोक त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले. या बंधनाचे मूळ १९४६ च्या परकीयांविषयीच्या कायद्यात होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५’ने घेतली आहे. कायदा बदलला, मालकावरचे बंधन राहिले. दुसऱ्या बाजूने, १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याने आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावयाची असते. तेथे त्याला पत्त्याचा पुरावा मागतात. तो पुरावा म्हणजे मालकाने केलेला करार आणि मालकाने भरलेला फॉर्म. म्हणजे नोंद हवी विद्यार्थ्याला, आणि लेखणी मालकाच्या हाती!

मालक ती लेखणी उचलावयास बिचकतो. करार नोंदवावा तर भाडे कागदावर येते आणि मागाहून कर येतो. फॉर्म भरावा तर पोलिसांशी संबंध येईल असे भय. सोसायटीचे सेक्रेटरी नाक मुरडतात ते निराळेच. मग मालक म्हणतो, “राहा बाबा, पण माझे नाव कुठे देऊ नकोस.” वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण परक्या मुलखातला विशीतला मुलगा हे कलम घेऊन कोणाच्या दारात उभा राहणार? व्हिसाची मुदत वाढविण्याची वेळ आली की तो मालकाच्या विनवण्या करतो. मालक चिडतो, हातघाईवर येतो, खोली रिकामी कर म्हणतो. अनामत अडकून पडते आणि नोंद तर नसतेच.

टीकाकाराच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, या गोष्टीत रूढ अर्थाचा खलपुरुष नाही. भ्यालेला मालक आहे आणि अडलेला भाडेकरू आहे. दोघांच्या मध्ये एक वही आहे. अशा प्रसंगावर लिहिणे कठीण. खलपुरुष उभा केला की कथा आपोआप चालते. पण वहीविषयी लिहावयाचे तर वहीच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांची मने जाणावी लागतात. मराठी माणसाच्या हातून असे लेखन झाले आहे काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा मला एकच नाव ठळकपणे आठवले. ते एखाद्या कादंबरीकाराचे नव्हते. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही त्यांची आठवणींची छोटी वही. ती इंग्रजीत आहे आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती पुस्तिका म्हणून छापली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेच्या १२ व्या खंडात, १९९३ साली, तिचा समावेश झाला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजीही तेवढेच. तरीही हे लेखन मला कोशाची पाने न उलटता वाचता आले, हे मी त्याच्या गुणांत पहिले धरतो. ज्याने कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचे प्रबंध लिहिले, त्याने आपल्या सर्वांत दुखऱ्या जागेविषयी लिहिताना इतकी साधी वाक्ये वापरावीत, यात वाचकाविषयीचा मोठा आदर आहे.

वाचक म्हणतील, परदेशी भाडेकरूचा विषय काढून हा गृहस्थ बाबासाहेबांकडे कसा वळला? ते काही बडोद्यात परदेशी नव्हते. हीच तर त्या शीर्षकाची ताकद. आतल्या पानांत कोठेही व्हिसाचा प्रसंग नाही. आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या दाराशी, आत येण्याच्या परवानगीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाची ही हकीकत आहे, आणि शीर्षक तेवढे एका शब्दात सांगून गप्प बसते. शिवाय हे लेखन परदेशी वाचकाला समोर ठेवून केलेले आहे. अस्पृश्यता ठाऊक असूनही तिच्या शेजारी न राहिल्यामुळे ज्याला तिचा जाच कळत नाही, अशा परक्याला ती समजावी म्हणून लेखकाने तत्त्वचर्चा बाजूला ठेवली आणि घडलेले प्रसंग सांगितले.

त्यांतला बडोद्याचा प्रसंग १९१७ सालचा. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या मदतीने अमेरिकेत शिकून आलेला तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू व्हावयास येतो. राजा त्याला बोलावतो. पण राजाच्या शहरात त्याला राहावयास जागा नाही. हिंदूंच्या खाणावळीत जावे तर जात विचारणार. म्हणून तो पारशी धर्मशाळेत जातो. तेथला राखणदार त्याला पारशी समजतो. पण अंगात सदरा आणि कमरेला कस्ती नाही हे दिसताच चमकतो. हा हिंदू आहे! पारश्यांखेरीज कोणाला ठेवण्याची मुभा नाही. तरुण विचारतो, माझी हरकत नसेल तर तुमची का असावी? आणि येथे राखणदार जे उत्तर देतो त्यात या लेखाचा सारा विषय सामावलेला आहे. तो धर्माची सबब सांगत नाही. तो म्हणतो, येथे राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद मला वहीत ठेवावी लागते.

तरुणाला त्याची अडचण पटते. तोच तोड सुचवितो : वहीत मी पारशी नाव लिहितो. राखणदारालाही कित्येक दिवसांत गिऱ्हाईक मिळालेले नसते. दिवसाला दीड रुपया ठरतो आणि खोटे नाव वहीत चढते.

या एका पानाचे वाङ्मयीन मोल मला फार मोठे वाटते. लेखकाचा येथे घोर अपमान होत आहे. तरीही त्याने राखणदाराला काळ्या रंगाने रंगविलेले नाही. त्याची गरिबी, त्याचे भय, दीड रुपयाचा मोह, हे सारे त्याने पाहिले आहे आणि जसे पाहिले तसे लिहिले आहे. राखणदार दुष्ट नाही, पण वहीपुढे दुबळा आहे. त्याच्या दुबळेपणाची किंमत मात्र वहीत नाव घालणाराच पुढे चुकती करतो. अकराव्या दिवशी सकाळी तरुण कचेरीत निघण्याच्या बेतात असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून येतात. तू कोण, येथे नाव बदलून का राहिलास, असा जाब विचारतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावतात. तो दोन मित्रांकडे जातो. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी त्याला थारा मिळत नाही. अखेर मुंबईची गाडी रात्री ९ वाजता सुटेपर्यंत तो कामाठी बागेत बसून राहतो.

लेखकाने या बागेतल्या तासांचे वर्णन लांबविलेले नाही. कोणत्याही कादंबरीकाराने, आणि त्यांत मी आलोच, तेथे चार पाने खर्ची घातली असती. मावळता सूर्य आणला असता, झाडे आणली असती. येथे बाग आहे, गाडीची वेळ आहे, आणि पुरे. दुःख सांगताना हात आखडता घेतला तर ते वाचकाच्या वाट्याला अधिक येते, याचा एवढा स्वच्छ नमुना मराठी लेखकांना वर्गात शिकविण्यासारखा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्याची अडचण आणि १९१७ सालची बडोद्याची अस्पृश्यता यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल. त्या विद्यार्थ्याच्या खिशात पासपोर्ट असतो, त्याचा एक देश असतो, आणि शिक्षण संपले की तो घरी जातो. अस्पृश्याला जावयाचे दुसरे घरच नव्हते. धर्मशाळेची वही धर्माची राखण करीत होती, आजची वही देशाची राखण करण्यासाठी आहे. आणि आपल्या हद्दीत कोण राहतो हे सरकारने जाणून घेणे मला गैर वाटत नाही. मी जे साम्य दाखवितो ते एवढ्याचपुरते : राहणाऱ्याचे नाव लिहिण्याची लेखणी जेव्हा दुसऱ्याच्या हाती असते आणि चुकल्यास शिक्षेचे भयही त्यालाच असते, तेव्हा तो दार लावून घेतो, नाहीतर खोटे लिहू देतो. माणूस घराबाहेर राहतो, किंवा घरात राहून वहीबाहेर राहतो.

बाबूराव बागुलांनी हे धागे कथेत आणले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेतला तरुण परगावी रेल्वेत नोकरीला जातो, राहण्याची जागा पाहतो, जात झाकून राहतो, आणि ती उघडी पडते तेव्हा मार खातो. बाबासाहेबांचे लेखन शांत आहे; बागुलांचे पेटलेले आहे. बडोद्याच्या तरुणापुढे वही होती, बागुलांच्या नायकापुढे प्रश्न विचारणारी जीभ आहे. मला बागुलांच्या कथेचा आवेग मान्य आहे. पण दार उघडणाऱ्याच्या मनात काय चालते हे पाहण्याची उसंत तिला नाही. तिचे काम निराळे होते आणि ते तिने केले. तथापि त्यानंतर उंबरठ्यावरची ही जागा आमच्या कथाकादंबऱ्यांनी पुरेशी धुंडाळली असे मला दिसत नाही.

आणि आता तर आपलीच मुले परक्यांच्या उंबरठ्यावर उभी आहेत. हा अंक ज्या घरांत वाचला जाईल त्यांतील पुष्कळ घरांतून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लंडनला किंवा म्युनिकला फोन लागेल. “फराळ पोचला का?” हा प्रश्न होईल. “तुझ्या नावावर पत्ता झाला का?” हा प्रश्न मात्र आईबापांना सुचणार नाही, कारण तो प्रश्न असतो हेच कोणी त्यांना सांगितलेले नाही.

जर्मनीत नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते. ती झाल्याविना कराचा क्रमांक मिळणे, बँकेचे काम, निवासाचा परवाना, अशी एकेक गोष्ट अडून बसते. १ नोव्हेंबर २०१५ पासून तेथे घर देणाऱ्याने ‘हा माणूस माझ्याकडे राहावयास आला’ असे लिहून द्यावयाचे असते. पुण्याप्रमाणे तेथेही काही मालक, विशेषतः पोटभाडेकरू ठेवणारे, ते देण्यास का-कू करतात. पण तेथल्या कायद्याने एक शहाणपण केले आहे. मालक लिहून देत नसेल तर भाडेकरूने तसे विनाविलंब नोंदणी कचेरीला कळवावयाचे. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला १,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेऊन नुसता खोटा पत्ता वापरू देणाऱ्याला तर ५०,००० युरोंपर्यंत. म्हणजे लेखणी मालकाची असली तरी तिच्यावाचून अडलेल्याला कचेरीचे दार मोकळे आहे.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. १९६८ च्या कायद्याने तेथे वर्णावरून घर नाकारण्यास बंदी झाली होती. पुढे २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने भाडेकरूचा तेथे राहण्याचा हक्क तपासण्याचे काम मालकावर टाकले आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून ते साऱ्या इंग्लंडात लागू झाले. चुकीच्या माणसाला घर दिल्यास दंड. २०२४ पासून तो पहिल्या खेपेस माणशी १०,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास २०,००० पर्यंत गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. परके नाव ऐकले की मालक नको म्हणू लागले. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने ही योजना भेदभावास कारण होते असे म्हटले. २०२० साली अपील न्यायालयाने योजना बेकायदा नाही असे ठरविले. पण काही प्रमाणात भेदभाव घडतो हे त्यानेही नाकारले नाही. बडोद्याच्या राखणदाराला भेटलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

परदेशाविषयीचे आमचे लेखन या बाबतीत मागे आहे. १९६० च्या ‘अपूर्वाई’पासून प्रवासवर्णन घरोघर पोचले, पण प्रवासी हा पाहुणा. त्याला पत्ता लागत नाही, मुक्काम लागतो. पुढे मराठी माणूस तेथे राहू लागला, त्याने आठवणी लिहिल्या. माझ्या वाचनात आलेल्या अशा पुस्तकांत बर्फ असतो, एकटेपण असतो, गणेशोत्सव असतो. घराच्या शोधाला एक विनोदी परिच्छेद मिळतो. यशस्वी झालेल्या माणसाला आपण कधी काळी कोणाच्या सहीसाठी ताटकळलो होतो हे सांगावेसे वाटत नसावे. तेवढ्यामुळे ती पुस्तके खोटी ठरत नाहीत, पण अपुरी राहतात.

मराठवाड्यातल्या लेखकाला तर या विषयाची जाण अधिक असावयास हवी. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा भेद आमच्या वाडवडिलांच्या भाकरीशी बांधलेला होता. १९१९ च्या नियमांप्रमाणे जन्माने मुल्की नसलेल्याला सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. वास्तव्य करणे निराळे आणि ते कागदावर दाखविणे निराळे, हे त्या पिढीने अनुभवले. तो काळ १९४८ नंतर मागे पडला. आजही शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मी मुलाचे नाव लिहितो तेव्हा पत्त्याच्या रकान्यापाशी काही बापांचा आवाज खाली येतो. ऊसतोडीला जाणाऱ्याने सहा महिन्यांचा कोणता पत्ता सांगावा? लेखणी माझ्या हाती असते, आणि म्हणून राखणदाराचे मन मला परके वाटत नाही.

टीकाकाराने लेखकाला विषय नेमून देऊ नयेत, असा संकेत आहे. तो मला मान्य आहे. पण एक कसोटी सुचविण्यास हरकत नसावी. भाडेकरूवरची पुढची मराठी कथा हाती येईल तेव्हा वाचकाने पाहावे की, लेखकाला भाड्याची रक्कम ठाऊक आहे की त्या घरातली नोंद कोण करतो हेही ठाऊक आहे. दार लावून घेणाऱ्याला नुसत्या शिव्या देऊन तो मोकळा झाला आहे, की त्याच्या भयापर्यंत पोचला आहे. आणि ज्याचे नाव वहीत आले नाही तो त्या रात्री कोठे गेला, हे त्याने शोधले आहे काय. बाबासाहेबांनी या तिन्ही गोष्टी थोडक्या पानांत, कोणताही आव न आणता केल्या. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मोठ्या मुलांना ती पाने वाचावयास द्यावीत. पुढच्या वर्षी त्यांतलेच एखादे खोली शोधावयास निघेल, आणि आणखी काही वर्षांनी एखाद्याकडे भाड्याने देण्याजोगी खोलीही असेल.